डीडीपी अटीवरचे स्क्रू जर्मनीत अडले, तेव्हा

कस्टम्स कोड ७३१८ खालचे स्क्रू-बोल्ट डीडीपीवर (आयात शुल्कासह सगळा खर्च विक्रेत्याकडे) युरोपात पाठवले की आयातदार बहुधा निर्यातदारच ठरतो. युरोपीय संघात कंपनी नसेल तर सीबॅमची (आयात मालावरच्या युरोपीय कार्बन शुल्काची) मान्यता स्वतः मागता येत नाही. मान्यताप्राप्त अप्रत्यक्ष कस्टम्स प्रतिनिधी नेमावा लागतो. कार्बनची जबाबदारी त्याच्यावर जाते, म्हणून फार थोडे एजंट तयार होतात. शेवटी अट बदलून डीएपी (पोच विक्रेत्याची, आयात व शुल्क खरेदीदाराचं) करून खरेदीदाराला आयातदार केलं आणि अडलेला माल सुटला. माझ्या मते हाच स्वच्छ मार्ग. खरेदीदाराचा सीबॅम मान्यता क्रमांक आयात घोषणेत वाय१२८ कोडखाली लागतो.

२०२६ पासून वर्षाला ५० टनांपर्यंत सीबॅममधून सूट आहे, पण ती खेपेगणिक नाही: आयातदाराचं लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, सगळ्या पुरवठादारांचं निव्वळ वजन एकत्र धरतात. खरेदीदाराकडून त्याच्या वर्षाच्या एकूण वजनाचा आकडा आधीच लेखी घ्या.