बी-बॉट ‘बिघडला’? आधी या चुका टाळा

‘ताई, हा बिघडला!’ अशी हाक बालवाडीत आली की लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधू नका. बी-बॉट म्हणजे पाठीवर बाणांची बटणं असलेला, मधमाशीच्या रूपातला खेळण्यातला रोबो. बटणांनी दिलेल्या आज्ञांप्रमाणे तो चालतो. या मधमाशीच्या पोटात बहुतेक वेळा आधीच्या मुलाच्या आज्ञा तशाच पडून असतात. नवीन आज्ञा त्यांच्या मागे जोडल्या जातात आणि मधमाशी थेट कपाटाखाली! नव्या डावाआधी पुसायचं बटण दाबायची सवय मुलांनाच लावा.

दुसरा घोळ वळणाचा. उजवा बाण दाबला की बी-बॉट जागच्या जागी ९० अंशांत फिरतो, पुढे सरकत नाही. चार वर्षांच्या मुलाला मात्र तो वळून शेजारच्या चौकोनात जाईल असंच वाटतं. त्यातून बी-बॉटचं तोंड मुलाकडे असेल तर डावं-उजवंही उलटं. तोंडी समजावून काही होत नाही. मुलाला बी-बॉटच्या मागे उभं करा आणि तोच रस्ता स्वतः चालू द्या. मुलांसाठीच्या ‘लोगो’ या संगणक-भाषेतलं आज्ञांवर चालणारं कासव चालवताना, त्या भाषेचे एक जनक सीमोर पॅपर्ट मुलांना हेच करायला लावत: आधी स्वतः कासव व्हा.

बी-बॉटसाठीची चौकोन आखलेली महागडी चटई नसली तरी अडत नाही. बी-बॉटचं पाऊल १५ सेंमीचं, म्हणजे ६० सेंमीच्या फरशीत बरोबर चार पावलं. किंवा पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणा, चौकोन आखा आणि शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग मुलांकडूनच काढून घ्या. सतरंजीवर मात्र चालवू नका. चाकं अडतात, वळण नीट होत नाही आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं.

या सगळ्यांहून मोठी चूक मोठ्यांच्या बोटांची. पर्वतीऐवजी सारसबाग आली की बाबा लगेच, ‘अरे, डावं दाब ना!’ खरा खेळ तिथेच सुरू होणार होता, तो संपला. त्यापेक्षा बटणं दाबण्याआधी बाणांची कार्डं ओळीने मांडायला लावा. मधमाशी चुकली की विचारा, ‘कुठपर्यंत बरोबर गेली?’ मूल कार्डावर बोट ठेवून दाखवतं. तेवढं एकच कार्ड बदलायचं, मेमरी पुसायची आणि ओळ पुन्हा दाबायची.

एका बी-बॉटभोवती तीनच मुलं बसवा: एक कार्डं मांडेल, एक बटणं दाबेल, एक चालून दाखवेल. बाकीच्यांना चित्रं रंगवू द्या.

स्वस्तातला दुसरा कुठला रोबो घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. आत बटण सेल (नाण्यासारखा चपटा छोटा सेल) असेल, तर झाकण स्क्रूनेच बंद होणारं हवं.