पथनाट्याच्या दौऱ्यावर निघताना: नव्या नटांसाठी आणि दिग्दर्शकांसाठी

एकांकिका स्पर्धांमध्ये तयार झालेला नट चौकातल्या रिंगणात उतरला की पहिली अडचण पाठीची येते. प्रेक्षक चारही बाजूंना असल्यामुळे कुणाकडे तरी पाठ होणारच. एका दिशेला दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही, आणि महत्त्वाचं वाक्य वळता वळता न टाकता पाय रोवून टाकायचं. दोघांचा संवाद असेल तर जवळजवळ उभं न राहता रिंगणाच्या समोरासमोरच्या टोकांना उभं राहावं. मग प्रत्येक बाजूला निदान एक चेहरा दिसतो, आणि अंतरामुळे आवाजही आपोआप मोठा लागतो.

रिंगणाचा व्यास १२ ते १५ फूट ठेवा. त्याहून मोठं झालं तर आवाज विरतो, लहान झालं तर पोरं पायात येतात. पोरांना हाकलू नका, पुढे मांडी घालून बसवा. तीच रिंगणाची हद्द राखतात. मागे भिंत किंवा शाळेची इमारत असलेली जागा निवडा. एसटी स्टँडच्या कर्ण्यासमोर, वडाप सुटतं तिथे किंवा आरतीच्या वेळी देवळापुढे प्रयोग लावला तर कितीही चांगला नट वाया जातो.

गर्दी हलगीवर जमते. प्रयोगाआधी कागद-काटक्या पेटवून हलगी शेकून घ्यायची. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि कडाड आवाजाऐवजी नुसता थप असा आवाज येतो. पावसाळ्यात म्हणून फायबरच्या पानाची एक हलगी जोडीला असावी. पाच-सात मिनिटं हलगी आणि एखादं गाणं, की थेट नाटक. त्याहून लांबवलं तर जमलेली माणसं पांगायला लागतात.

नाटक २० ते ३० मिनिटांचंच हवं. कंपनीच्या गेटवर पाळी सुटलेल्या कामगाराला बस गाठायची असते, आठवडी बाजारात बाईच्या हातात भाजीची पिशवी असते. पहिल्या तीन मिनिटांत प्रश्न कळला पाहिजे. दहाव्या मिनिटाला येऊन उभा राहिलेला माणूसही गोंधळू नये, म्हणून पात्रांची नावं आणि नाती संवादात पुन्हा पुन्हा यावीत. वाक्यं आठ-दहा शब्दांची. लांब वाक्याचा शेवट उघड्यावर ऐकूच जात नाही.

संचात सात-आठ जण पुरतात, म्हणजे सगळे एका गाडीत मावतात. प्रत्येकाला आणखी एक भूमिका पाठ हवी, झील (मुख्य गायकामागून ओळ उचलून धरायची साथ) सगळ्यांनीच धरायची. संचात निदान दोन-तीन मुली असाव्यात, नाहीतर वस्तीतल्या बाया थांबत नाहीत. मुक्काम समाजमंदिरात असो की शाळेत, मुलींसाठी कडी लागणारी खोली आणि संडास आहे का, हे फोनवर आधीच विचारा. सगळ्यांना एकसारखे कुर्ते. भूमिका बदलायला टोपी, उपरणं, चष्मा, पट्टा. सगळं सामान एका पेटीत मावायला हवं.

दिवसाला दोन प्रयोग ठीक, तीन म्हणजे कमाल. ओरडून बोलणाऱ्याचा घसा दोन-तीन दिवसांत बसतो. श्वास पोटातून घ्या, व्यंजनं ठसठशीत उच्चारा, रोज २० मिनिटं आवाजाची तयारी करा. बसलेला घसा विश्रांतीनेच सुटतो, म्हणून बदली नट लागतो.

दिग्दर्शकाचं खरं काम तालमीच्या खोलीबाहेर आहे. प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी गावात कुणीतरी जाऊन यावं: शेतमजुरी किती चालते, टँकर कधी येतो, रेशनला काय मिळत नाही, कुठलं नाव घेतलं की भांडण पेटतं. हा मजकूर बतावणीत, म्हणजे पात्रांच्या विनोदी संवादांत जातो. तमाशाचा हा भाग ताज्या गोष्टींसाठी मोकळा असतो. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी, पुढे कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकाने हाच लोकनाट्याचा साचा राजकारणासाठी वापरला. अण्णाभाऊ साठ्यांनी तर गणातल्या, म्हणजे सुरुवातीच्या वंदनातल्या, देवतेच्या जागी मायभूमी आणि शिवराय आणले. संहितेत अशा जागा मुद्दाम रिकाम्या ठेवा. वाशीममध्ये चाललेला विनोद मालवणात तसाच फेकलात तर लोक नुसते बघत राहतात.

नवे लेखक-दिग्दर्शक सर्वांत जास्त फसतात ते खलनायकात. सावकार मिशा पिळत हसतो, लोक हसतात, टाळ्या वाजतात, आणि काहीच घडत नाही. समोर बसलेल्यांना माहीत असतं की रात्री दवाखान्यासाठी पैसे त्यानेच दिले होते, बँकेने नाही. त्याच्या तोंडी त्याची खरी, पटणारी बाजू घाला. मग त्याला उत्तर देणारी बाई उभी राहिली की गर्दी कान देते. आमच्या मते राजकीय नाटकाचा कस इथेच लागतो. विरोधकाला मूर्ख दाखवणं हा प्रेक्षकाचाच अपमान आहे.

प्रयोगानंतर १५ मिनिटं थांबून बोला, मग झोळी फिरवा. स्थानिक संघटनेचा कार्यकर्ता हजर हवा. अर्ज कुठे करायचा, बैठक कधी, हे त्याने सांगायचं.

नाट्यगृहातल्या प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. चौकासाठी पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही. आचारसंहितेत परवानगी वेगळी, आणि उमेदवारासाठी केलेला प्रयोग त्याच्या खर्चात धरला जातो.

धोका खरा आहे. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये जन नाट्य मंच या दिल्लीच्या पथनाट्य संचाच्या ‘हल्ला बोल’च्या प्रयोगावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी मंचाचे नट-दिग्दर्शक सफदर हाश्मी गेले. ४ तारखेला मंचाने त्याच जागी नाटक पूर्ण केलं. गाडी नेहमी बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावा, चालक गाडीतच राहील. दारू प्यायलेला माणूस रिंगणात आला तर मुख्य नटाने त्याच्याशी वाद घालू नये. झीलकऱ्यांपैकी एकाने खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला न्यावं. दगड आला तर प्रयोग थांबवायचा की नाही, हे कोण ठरवणार ते आधीच नक्की असू द्या.

पोट यावर भरत नाही. बहुतेक जण शिकवणं, डबिंग, मालिका किंवा सरकारी जनजागृतीच्या पथनाट्यांवर घर चालवतात. त्या सुपाऱ्या घ्यायला हरकत नाही, पण काल जिच्याविरुद्ध गायलो तीच योजना आज गाणार असू तर वस्ती पुन्हा उभं करत नाही. डिझेल, जेवण, झोळी यांचा हिशेब रोज रात्री सगळ्यांसमोर लिहा. संच फुटतात ते बहुतेकदा विचारांवरून नाही, पैशांच्या संशयावरून.

पुण्याचं ललित कला केंद्र किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय इथे नटाची बैठक पक्की होते. चौकातलं काम मात्र संचातच शिकायला मिळतं. पहिल्या दौऱ्यात सामानाची पेटी, हलगी आणि झील; दुसऱ्यात भूमिका. दिग्दर्शन करायचं असेल तर आधी एका दौऱ्याचं पूर्ण व्यवस्थापन अंगावर घ्या: मुक्काम, परवानग्या, हिशेब, सगळं.