टीनएजर पोरींना पुस्तकं आणि शो गिफ्ट देताना या चुका टाळा (मी जवळपास सगळ्या केल्यात)

भाऊबीजेचा दिवस, माहेरी सगळे जमलेले, भावाला ओवाळून झालं, फराळाच्या डिशा फिरत होत्या आणि मी मोठ्या कौतुकाने भाचीच्या हातात पॅक केलेलं पुस्तक ठेवलं. तेव्हा ती आठवीत. "उघड की गं, बघू तरी आत्याने काय आणलंय" असं चारी बाजूंनी सुरू झालं, तिने सेलोटेप नखाने हळूहळू सोडवला, कागद फाटू नये म्हणून, ती तशीच आहे, आणि आतून निघालं वयात येणाऱ्या मुलींसाठीचं माहितीचं पुस्तक. पाळी, शरीरातले बदल, सगळं आकृत्यांसकट. समोर आजोबा, काका, दोन चुलत भाऊ, त्यातला एक चकली तोंडात धरूनच थांबला. पोरगी "थँक्यू आत्या" म्हणाली आणि पुस्तक सोफ्याच्या उशीखाली सरकवलं. त्यानंतर दिवसभर माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

पुस्तक वाईट नव्हतं हो, चांगलंच होतं. पण असलं पुस्तक एखाद्या साध्या मंगळवारी, कोणी नसताना, "हे ठेव तुझ्याकडे" म्हणून द्यायचं असतं, त्याला चकचकीत कागद आणि रिबीन लावायची नसते. तेच अक्षर सुधारा, एकाग्रता वाढवा, व्यक्तिमत्त्व विकास, वजन आणि आहार या सगळ्या पुस्तकांचं. आपल्याला वाटतं आपण उपयोगी काहीतरी दिलं, तिला कळतं की आत्याला माझ्यात काय कमी दिसतंय. सणाच्या दिवशी कशाला?

"मी तुझ्या वयाची असताना" हे कारण पुरत नाही

पुढच्या वर्षी मी शहाणी झाले असं मला वाटलं आणि 'मृत्युंजय' दिलं. मी स्वतः दहावीच्या सुट्टीत जेवणखाण विसरून वाचलं होतं ना, मग! पण भाची इंग्लिश मीडियमची, मराठी बोलते फाडफाड, वाचताना मात्र जोडाक्षराला अडखळते, आणि तिच्या हातात मी तो जाडजूड ठोकळा दिला. दोन वर्षांनी बघितलं तर त्यात चौदाव्या पानावर खूण म्हणून बसचं तिकीट होतं.

मराठी पुस्तक द्यायचंच असेल, आणि द्यावंच, तर तिचा मराठी वाचायचा स्पीड आधी बघा. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या, लंपन नावाच्या शाळकरी मुलाच्या कथा आहेत, एक कथा एका बैठकीत संपते, आणि संपल्याचा आनंद हा अडखळत वाचणाऱ्याला फार मोठा असतो. आवडलं तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आहेतच. त्यावर २०२४ मध्ये सोनी लिववर 'लंपन' नावाची सीरीज आली, त्या वर्षी गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिला बेस्ट वेब सीरीजचं अवॉर्डही मिळालं. एरवी सगळे सांगतात आधी पुस्तक मग शो, पण मी इथे उलटं सांगेन, आधी दोन एपिसोड एकत्र बघा. लंपनची भाषा आहे सीमाभागातली, कानडी वळणाची, एकदा ती माणसं डोळ्यासमोर आली की मग कागदावरचं वाक्य अडत नाही.

आणि अजून एक, तेरा आणि सतरा ही दोन वेगळी माणसं आहेत. तेराव्या वर्षी दिलेलं सतराव्या वर्षी बाळबोध वाटतं. सुट्टीत 'अलबत्या गलबत्या'ची तिकिटं काढून अकरावीतल्या मुलीला नेऊ नका, नाटक झकास आहे, पण ती दोन तास आजूबाजूला कोणी कॉलेजचं दिसतंय का हेच बघत बसेल.

कव्हर बघून भुलणं

आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी बारा वर्षांच्या नातीला कोलीन हूवरचं 'इट एंड्स विथ अस' दिलं. गुलाबी कव्हर, त्यावर फुलं, इन्स्टावर सगळ्या पोरी हातात धरून फोटो टाकतायत, त्यांना वाटलं गोड काहीतरी असेल. आत आहे नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मोठ्यांसाठीचे प्रसंग. २०१६ चं हे पुस्तक मुळात मोठ्यांसाठीच लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे (गंमत नाहीच खरं तर) २०२३ च्या जानेवारीत याच पुस्तकावर रंगवायचं पुस्तक काढायची घोषणा झाली होती, लोकांनी इतकं धारेवर धरलं की लेखिकेने माफी मागून ते रद्द केलं. म्हणजे कव्हरची जादू प्रकाशकांवरही चालते.

मी असं म्हणत नाहीये की सतरा वर्षांची मुलगी हे वाचणार नाही, ती मैत्रिणीकडून आणून वाचेलच. मुद्दा एवढाच की तुम्ही देताय तर आत काय आहे ते तुम्हाला माहीत हवं. मुलीला नुसतं रहस्य आणि धाकधूक हवी असेल तर हॉली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' आहे, शाळेच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने एक मुलगी जुनी खुनाची केस उकरते, चौदा-पंधराच्या पुढे चालेल, आणि त्याचीही सीरीज आहे.

शोच्या बाबतीत कव्हरच्या जागी थंबनेल असतं, एवढाच फरक. आपल्याकडे २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे शिक्के असतात, शो सुरू होताना कोपऱ्यात दिसतो आणि शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलेलं असतं, हिंसा, भाषा, वगैरे. ते कारण वाचा. आकड्यापेक्षा तेच कामाचं असतं, कारण एखादीला रक्त बघवत नाही आणि शिव्यांनी काही होत नाही, दुसरीचं बरोब्बर उलट.

कार्टून आहे म्हणजे लहान मुलांचं

नाही. जपानी अ‍ॅनिमे हा अख्खा बाजार आहे, त्यात सगळ्या वयाचं सगळं मिळतं. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये राक्षस माणसं चावून खातात, आणि दुसरीकडे मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचं 'कीकीज डिलिव्हरी सर्व्हिस', त्यात तेरा वर्षांची चेटकीण घर सोडून एकटी दुसऱ्या गावात राहायला जाते, झाडूवर बसून पार्सलं पोचवते, आणि मध्येच तिला उडताच येईनासं होतं. दहावीच्या प्रीलिमनंतर आमच्या घरात हा सिनेमा तीनदा लागला.

या अ‍ॅनिमेच्या नादानेच मी भाचीला 'स्पाय एक्स फॅमिली'ची मांगा आणली, म्हणजे जपानी कॉमिक. घरी आणून उघडली तर पहिलंच पान शेवटचं वाटलं, चित्रं उलटी धावतायत, पुस्तक मागूनच सुरू होतंय. बाइंडिंग चुकलं म्हणून मी ती रिक्षा करून परत दुकानात घेऊन गेले, जरा चढ्या आवाजातच बोलले. काउंटरवरच्या कॉलेजच्या पोराने शांतपणे माझ्या हातून पुस्तक घेतलं, फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं." जाण्यायेण्याचे रिक्षाचे पैसे गेले ते गेलेच. तुमचे वाचावेत म्हणून सांगतेय.

मांगा घेताना नंबर बघा. भाग १ आहे का? तिच्याकडे पहिले चार असतील तर पाचवा. हे सगळ्याच मालिकांना लागू. दुकानात नेमका मधला भाग समोर मांडलेला असतो आणि आपण तोच उचलतो. तिला न विचारता कळून घ्यायचं तर तिच्या कपाटाचा फोटो तिच्या आईकडून मागवा, त्याच्याइतकी भारी माहिती कुठे मिळत नाही, काय आहे, कुठपर्यंत आहे, कशाचे कोपरे वाचून वाचून मऊ झालेत आणि कशावर धूळ आहे.

संक्षिप्त, पायरेटेड आणि इतर फसवणूक

जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या बऱ्याचदा कापलेल्या असतात. 'लिटल विमेन' नव्वद पानांत मिळत असेल तर ती गोष्ट नाही, गोष्टीचा सारांश आहे. मूळ पुस्तक चांगलं चारशेच्या पुढे जातं. तेच मराठीत शांता शेळक्यांनी 'चौघीजणी' नावाने आणलंय, आणि ज्या पोरीला इंग्रजी नकोसं वाटतं तिला हे डोळे झाकून द्या. त्याची सुरुवातच गिफ्टवरून होते, नाताळ आलाय, घरात पैसे नाहीत, बाप लढाईवर, आणि चौघी बहिणींतली जो नावाची कुरकुरतेय की गिफ्टशिवाय कसला नाताळ. मग सकाळी चौघींना उशीखाली आईने ठेवलेलं एकेक पुस्तक सापडतं, प्रत्येकीचा रंग वेगळा, जोचं लाल, मेगचं हिरवं, बेथचं पारव्या रंगाचं, एमीचं निळं. १८६८ मध्ये लिहिलेली ही आई बहिणींची भांडणं ओळखून होती. (आणि उशीखाली म्हटलं की मला आमचा सोफा आठवतो, असो.)

फूटपाथवरची पायरेटेड कॉपी गिफ्टला नको. छपाई पुसट, कागद पातळ, आणि रहस्यकथेची नेमकी शेवटची सोळा पानं गायब, हे आमच्याकडे झालंय.

शोचं सबस्क्रिप्शन देणार असाल तर "माझा पासवर्ड घे" हे गिफ्ट आता चालत नाही. नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ पासून एक अकाउंट एकाच घरापुरतं केलंय. दुसऱ्या घरात राहणाऱ्या भाचीला द्यायचं तर गिफ्ट कार्ड घ्या, आणि त्यांच्याकडे कुठलं अ‍ॅप आधीच रिचार्जमध्ये फुकट येतंय ते वहिनीला विचारा, नाहीतर दोनदा पैसे. नाटकाचं तिकीट द्यायचं तर दोन द्या, एक तिचं आणि एक मैत्रिणीचं. तुम्ही मागच्या रांगेत बसा, किंवा बाहेर कॅन्टीनमध्ये बटाटेवडा खा.

दिलं, पण पडून आहे

हे सगळ्यात कॉमन. तर पहिलं म्हणजे "वाचलंस का?" विचारू नका. मी दर रविवारी फोनवर विचारायचे, शेवटी ती फोन आईकडे द्यायला लागली. धडा वाचून प्रश्नोत्तरं असल्यासारखं वाटतं त्यांना. तुम्हीच ते पुस्तक वाचायला घ्या आणि मध्येच तिला मेसेज टाका की अमुक माणूस मला अजिबात आवडत नाहीये. आमच्याकडे त्यावर पाच मिनिटांत रिप्लाय आला होता, "आत्या थांब, पुढे वाच."

महिनाभर तरी हललं नाही तर बदलून घ्या. बरीच दुकानं ठरावीक दिवसांत बदलून देतात, म्हणून बिल जपून ठेवा, पहिल्या पानावर शाईने आशीर्वाद लिहू नका, वेगळ्या कार्डावर लिहा. शो आवडला नाही तर सोडून द्या, पहिले दोन एपिसोड बघून बंद करायचा हक्क आपल्याला असतो तसा तिलाही आहे, आणि ती जे बघतेय त्यावर "हे काय बघत असतेस" म्हणालात तर पुढच्या वेळी ती हेडफोन लावून बघेल.

आणि काहीच सुचत नसेल तर आम्ही गेल्या दिवाळीपासून करतो तसं करा. बजेट सांगायचं, तिला पुस्तकांच्या दुकानात न्यायचं आणि आपण गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प, "हे छान आहे बघ" सुद्धा नाही. ती जमिनीवर मांडी ठोकून तीन पुस्तकं उघडते, दोन परत ठेवते, मग त्यातलंच एक पुन्हा काढते, मला तर तोपर्यंत दुकानदाराने स्टूल आणून दिलं होतं. दीड तास धरून चाला, आणि पार्किंगची सोय आधी बघून ठेवा.