सुंता असो वा नसो, स्वच्छता अशी ठेवा

सुंता न झालेल्या लिंगावर पुढच्या कातडीखाली पांढरट मळ साचतो. रोज आंघोळीला कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा आणि आठवणीने पुन्हा पुढे आणा. मागेच राहिली तर घट्ट वळ बसून टोक सुजतं. ती पुढे येत नसेल तर थेट दवाखाना गाठा. आत साबण चोळू नका, डेटॉल तर नकोच. त्यानेच आग होते. लहान मुलाची कातडी ओढायची नाही, ती वयानुसार आपोआप सुटते.

सुंता झालेल्यांना धुणं सोपं, मळ साचत नाही. पण जांघेतली बुरशी दोघांनाही सारखीच. कोकणात पावसाळ्यात दोरीवरची चड्डी दोन दिवस दमट राहते. ती तशीच घालू नका, इस्त्री फिरवा.

कातडीला चिरा, खाज, लाली वारंवार येत असेल तर रक्तातली साखर तपासा. सुंतेने स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्हीचा धोका सुमारे 60 टक्के घटतो, हे आफ्रिकेतल्या चाचण्यांत दिसलं. तरी कंडोम हवाच.