गोळी चालू आहे आणि पोरगं जेवत नाही? जेवणाची वेळ सरकवा

एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, पोरगं अति चंचल असतं तो त्रास) मिथाइलफेनिडेटची गोळी चालू झाली आणि आमच्या पोराचा डबा रोज जसाच्या तसा परत यायला लागला, सासूबाई डबा उघडून बघायच्या आणि म्हणायच्या पोऱ्या वाळत चाललाय, बंद करा ते औषध. तसं मनानं बंद करू नका. भूक मरते ती गोळीचा असर आहे तोवर, साधी गोळी असेल तर साधारण 4 तास, लांब चालणारी असेल तर 8 ते 12 तास, मग भूक परत येते. म्हणून पोटभर जेवण त्याच्या आधी आणि नंतर गाठायचं.

आम्ही आधी गोळी मग चहा-बिस्कीट असं करायचो, तिथंच चुकत होतं. आता गरम कळण्याची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची चटणी, आणि ते पोटात गेल्यावरच गोळी. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो म्हणजे प्रोटीन पण जातं. सकाळी चावायचा कंटाळा केला तर एक केळं, दूध आणि 2 चमचे शेंगदाण्याचा कूट मिक्सरमधून काढायचा, पिऊन टाकतो. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याची काय कमी!

दुपारी भांडू नका, खरंच. लाडू, अर्धं अंडं, चार घास गेले तरी खूप झालं, मागे लागलात की ताट बघूनच पळेल. पाणी मात्र आठवणीनं पाजा, आपल्याकडच्या मे महिन्यात तर जास्तच.

संध्याकाळी भूक उघडते तेव्हा हातात कुरकुऱ्याचं पाकीट देऊ नका, तेव्हाच ताट वाढा. आमच्याकडे बट्टी असली की तो स्वतः कुस्करतो, मधे खड्डा करतो, त्यात वरण आणि वरून तूप, बोटं चाटत खातो, हाच तो दुपारी डबा न उघडणारा मुलगा. झोपायच्या आधी दूध-खारीक.

महिन्यातून एकदा वजन कॅलेंडरवर लिहा, उंचीसुद्धा अधूनमधून भिंतीवर खूण करून. वजन उतरत असेल किंवा बरेच महिने तिथंच अडकलं असेल तर ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा, ते डोस, वेळ किंवा औषध बदलू शकतात. सुट्टीत गोळी बंद ठेवायची का तेही त्यांनाच विचारा, आणि लांब चालणारी गोळी कुटून दुधात अजिबात घालू नका.