जटामांसीचा छेद घेण्यापूर्वीची तयारी

जटामांसीच्या मूलक्षोडाची (जमिनीखालच्या खोडाची) अंतर्रचना पातळ छेद (काप) घेऊन पाहायची असेल, तर पहिली तयारी कागदपत्रांची करावी. हिमालयात साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढणारी ही वनस्पती १९९७ पासून साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. रानातून उपटलेले रोप अभ्यासासाठी घेऊच नये. अशा वनस्पतींची लागवड करणाऱ्या गढवालमधील एखाद्या संस्थेकडे रीतसर मागणी करावी आणि मूलक्षोडाचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा पुरेसा समजून, शेंडा व मुळे असलेला भाग पुन्हा लावायला सांगावे. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातली सुकी जटामांसी रात्रभर भिजवून हात बसवायला चालेल. मात्र तीत भूतकेशी या दुसऱ्या वनस्पतीची भेसळ होत असल्याने तिच्यावरून निष्कर्ष काढू नयेत.

तुकडा हाती आला की त्याचे दोन भाग करावेत, आणि ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये. एक भाग फॉर्मॅलिन ५, अ‍ॅसेटिक आम्ल ५ व ७० टक्के अल्कोहोल ९० मिलिलिटर अशा टिकवणाऱ्या मिश्रणात ठेवावा; दुसरा ओल्या कापडात गुंडाळून ताजाच ठेवावा, कारण जटामांसीचा वास ज्या तेलामुळे येतो ते अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि मग त्वक्षेच्या (बुचासारख्या थराच्या) पेशींतले तेलाचे थेंब शोधूनही सापडत नाहीत.

कापण्याआधी वरचे तपकिरी केसाळ आवरण चिमट्याने सोलून काढावे. हे केस म्हणजे जुन्या पानांच्या देठांचे उरलेले तंतू असून ते ब्लेडखाली आले की छेद फाटतो. कोवळ्या भागाचे छेद सहज निघतात. जुन्या भागात मात्र प्रकाष्ठाच्या (पाणी वाहणाऱ्या काष्ठमय भागाच्या) आतही त्वक्षा तयार झालेली असते आणि मधला वाहक भाग अनेक सुट्या पट्ट्यांत विभागलेला असतो, त्यामुळे कापताना तो विस्कटतो. म्हणून तुकडा बटाट्याच्या खाचेत घट्ट बसवावा आणि प्रत्येक छेदाला नवे ब्लेड वापरण्यात कंजुषी करू नये. वाहक भागाचे हे विभागणे हेच खरे पाहण्यासारखे असल्याने कोवळे आणि जुने, दोन्ही छेद हवेत.

रंजकांपैकी (छेद रंगवणाऱ्या द्रव्यांपैकी) सुदान-३ आधी तयार ठेवावे. ते ताज्या छेदातले तेल रंगवते, आणि त्वक्षेच्या भित्तीही. म्हणून लाल दिसणारी प्रत्येक गोष्ट तेल समजू नये, गोल थेंब आणि सलग भित्ती यांत फरक करावा. प्रकाष्ठासाठी फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागेल, पण या आम्लाची वाफ सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला घातक असल्याने त्या काचपट्ट्या शेवटी पाहाव्यात आणि लगेच उचलाव्यात. टिकाऊ काचपट्ट्यांना सॅफ्रानिन व फास्ट ग्रीनची जोडी पुरते. प्रत्येक काचपट्टीवर रोपाचे मूळ ठिकाण, तारीख, रंजक आणि छेद शेंड्यापासून किती अंतरावरचा आहे हे त्याच वेळी लिहावे.