पाच फूट उंची आणि मापाची रोड बाइक: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इथे आलेल्या आपल्या लोकांची ऑफिसला जाण्या-येण्याची सायकल घेऊन झाली, पहिला उन्हाळा लागला, की हमखास विचारणा होते: "ताई, आता रोड बाइक घ्यायचीय, पण दुकानात माझ्या मापाचं काहीच नाही." विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात, उंची पाच फुटांच्या अलीकडे-पलीकडे. सव्वापाच फुटांच्या मुलग्यांनाही हीच अडचण येते.

कारण साधं आहे. २००१ साली जन्मलेल्या इथल्या मुलींची सरासरी उंची १६९.३ सेंटीमीटर आहे आणि मुलग्यांची १८२.९. दुकानदार माल भरतो तो त्यांच्यासाठी. ५४, ५६, ५८ सेंटीमीटरच्या फ्रेम (सायकलीचे सांगाडे) ओळीने उभ्या असतात, ४४ किंवा ४७ ची मागवावी लागते. मग मागवायला लावा. दुकानातली सगळ्यात लहान सायकल ती आपल्या मापाची, असं धरून चालू नका. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर आहे.

होतं काय, की विक्रेता सीट खाली करतो आणि म्हणतो, बघा, पाय पोचतात. पाय पोचवणं हे मापातलं सगळ्यात सोपं काम. सीट वर-खाली होतेच. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर मात्र बरंचसं फ्रेममध्येच ठरून गेलेलं असतं. ते जास्त असलं की कोपरं ताठ होतात, अंगाचा भार तळहातांवर येतो आणि तासाभरात करंगळीला मुंग्या येतात. हा त्रास या देशात जास्त जाणवतो. इथे घाट नाहीत, त्यामुळे चढावर उभं राहून पॅडल मारणं नाही की उतारावर अंग मोकळं करणं नाही. समोरून वारा आणि सपाट रस्ता. दोन-दोन तास एकाच बैठकीत, वाकून. त्यात गावातले विटांचे रस्ते हाताला हादरे देतात. मापातली थोडीशी चूक पुण्याजवळच्या डोंगरात कदाचित खपून गेली असती, इथे ती खपत नाही.

दुकानात जाण्याआधी घरी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पावलांत थोडं अंतर ठेवा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला ठेवून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा, दोन-तीनदा. या मापाला ०.८८३ ने गुणलं की पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण कळते. माप ६९ सेंटीमीटर असेल तर ती जवळजवळ ६१ येते. हा आकडा सुरुवातीला धरायचा, पुढे गुडघा सांगेल तसं थोडं इकडे-तिकडे करायचं.

या उंचीवर बसलात की दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि टेकायलाही नकोत. आपल्याकडे सीटवर बसून पाय टेकवायची सवय असते, म्हणून लोक सीट आणखी खाली करायला सांगतात आणि गुडघे दुखवून घेतात. सिग्नलला सीटवरून पुढे उतरायचं आणि दांडा पायांमध्ये घेऊन उभं राहायचं. तेव्हा दांडा आणि तुमच्यात दोन-तीन सेंटीमीटर तरी मोकळे हवेत.

आता फ्रेम. ४८, ५०, एक्सएस हे आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. प्रत्येक मॉडेलचा तक्ता मिळतो. त्यात 'स्टॅक' म्हणजे हँडलच्या बाजूची उंची आणि 'रीच' म्हणजे पुढचा पल्ला, हे दोन बघा. लहान फ्रेमची गोम अशी की चाक मात्र रोड बाइकचं नेहमीचं, म्हणजे ७००सी मापाचं, मोठंच राहतं. पुढचं चाक पायाला लागू नये म्हणून कंपन्या पुढचा काटा जास्त तिरका करतात आणि सीटची नळी जास्त उभी. वरचा दांडा कागदावर आखूड दिसतो, पण रीच फारसा कमी होत नाही. म्हणून दोन मापांमधला रीचचा फरक काढून बघा. कधीकधी तो सेंटीमीटरभरही नसतो.

या दुखण्यावरचा खरा उपाय लहान चाक हा आहे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी काढली आणि बुटक्या बायकांसाठी पुढे लहान चाक लावलेल्या सायकली विकल्या. अलीकडे कॅन्यन या कंपनीनेही काही लहान मापांना ६५०बी, म्हणजे जरा लहान, चाकं दिली. लिव आणि स्पेशलाइज्ड या कंपन्यांकडेही अगदी लहान मापं मिळतात. चालवून बघताना एक करा: मोकळ्या जागेत अगदी हळू, पॅडल आडवं ठेवून हँडल वळवा. बुटाचं टोक चाकाला घासतंय का ते लगेच कळेल. वेगात याचा त्रास होत नाही, पण गावातल्या अरुंद वळणावर होतो.

सुटे भाग विकत घेतानाच बदलून मागा, नंतर खर्च वाढतो. क्रँक, म्हणजे पॅडल जिला लावलेलं असतं ती दांडी, १७० मिलीमीटरची असेल तर १६५ किंवा १६० मागा. १७६ सेंटीमीटर उंचीचा नामांकित सायकलपटू पोगाचार २०२४ मध्ये १६५ वर आला. आपण पाच फुटांचे लोक १७० कशाला फिरवायची? हँडलची रुंदी खांद्याच्या हाडांमधल्या अंतराएवढी, बहुतेकांना ३६ किंवा ३८ सेंटीमीटर. आणि ब्रेक! लिव्हर जवळ आणायचा स्क्रू बहुतेक लिव्हरमध्ये असतो. हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर हात ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतोय ना, हे दुकानातच तपासा. लहान हातांसाठी हा सुरक्षिततेचा मुद्दा आहे, यात भीड नको.

भिडेचंच आणखी सांगते. विक्रेत्याने तासभर दिला की नाही म्हणायला आपल्याला जड जातं. इथे "नको, मोठी होते" असं सरळ सांगितलेलं कुणी मनाला लावून घेत नाही. ओळखपत्र ठेवून चालवून बघायला मागा. ऑनलाइन मागवलीत तर युरोपीय नियमाने १४ दिवसांत परत करता येते. दुकानातून घेतलेल्या सायकलला तो हक्क नाही. ऑफिसकडून लीजवर घेणार असाल तर दर वर्षी किमतीच्या ७ टक्के रक्कम करपात्र उत्पन्नात धरतात. पण लीज साधारण तीन वर्षांचं असतं, म्हणून आधी माप पक्कं करा.

जुन्या सायकलींसाठी मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर 'डामस' (dames) म्हणजे बायकांची आणि 'योख्त' (jeugd) म्हणजे मुलांची असं दोन्ही शोधा. इथली मुलं भराभर उंच होतात, त्यांच्या कमी वापरलेल्या रेस सायकली आपल्या मापाच्या निघतात. टायरवरचा चाकाच्या मापाचा आकडा वाचा: ६२२ आणि ५८४ ला टायर सहज मिळतात, ५७१ ला शोधावे लागतात. फ्रेमचा नंबर पोलिसांच्या स्टॉप हेलिंग या चोरीच्या मालाच्या ऑनलाइन यादीत टाकून चोरीची नाही ना ते बघूनच पैसे द्या.

घंटी आणि अंधारात दिवे कायद्याने लागतातच. पहिले काही आठवडे क्नोपपुंटन, म्हणजे सायकल-मार्गांच्या चौकांवरच्या आकडे लिहिलेल्या पाट्या, बघत तीस-चाळीस किलोमीटर फिरा, षटकोनी पाना जवळ ठेवा, सीट एका वेळी पाच मिलीमीटरच हलवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखलं तर वर. हात दुखत राहिले तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, आखूड लावा, ७० किंवा ८० मिलीमीटरचा, आणि त्यानेही भागलं नाही तर फ्रेम मोठी आहे. ती विकून दुसरी बघा. चढाची हौस असेल तर ट्रेनने दक्षिणेच्या लिम्बुर्ख प्रांतात जा, काउबर्गचा प्रसिद्ध चढ तिथेच आहे. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा ट्रेनमध्ये सायकल चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते.